मंडळाची फुकट जागा

‘आपलीच माणसं आहेत’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं असेल, तो मला कधी भेटला तर मी त्याला माझ्या लॅबमधल्या खुर्चीत बसवून दोन्ही हातांतून रक्त काढणार आहे. रिपोर्टही देणार नाही. हे वाक्य माझा नवरा बोलला, वाडीचे अध्यक्ष बोलले, मंडळाची मुंबई शाखा फोनवरून बोलली. आणि खरं सांगायचं तर एकदा मीही बोलले आहे.

माझी लॅब देवरूखच्या बाजारात आहे, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटं. रक्त, लघवी, थुंकी, साखर, हिमोग्लोबिन, जे लागेल ते तपासते. माझं माहेर खेडचं. सासर देवरूखपासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावातल्या बौद्धवाडीतलं, पण आम्ही दोघं राहतो देवरूखलाच. गावाचं नाव लिहीत नाही, वाडीच्या मंडळाचंही नाही. लिहिलं तर उद्या सकाळी आठच्या आत मला सात फोन येतील आणि सातही जण म्हणतील, दर्शना, घरातली गोष्ट बाहेर कशाला? घरातल्या गोष्टी बाहेर नेण्यात आमची वाडी किती पटाईत आहे, तेच तर मला सांगायचं आहे.

नऊ वर्षांचे रिपोर्ट माझ्या एका कॉम्प्युटरात होते. राकेश, म्हणजे माझा नवरा, मोटरसायकलवरून गावोगाव फिरून नमुने गोळा करून आणतो आणि कॉम्प्युटरचंही तोच बघतो. गेल्या ऑक्टोबरात विजा झाल्या त्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन, कॉम्प्युटर, पंखा, सगळं एका दणक्यात जळालं. दहा वर्षांच्या लग्नपत्रिकांचे नमुने होते त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर नुसता बसून होता, गिऱ्हाइकाला काय सांगायचं तेही त्याला सुचत नव्हतं. आमचा कॉम्प्युटर वाचला, कारण त्या दुपारी तो अडकत होता म्हणून मी वैतागून वायर काढून ठेवली होती. माझ्या रागाचा झालेला तेवढाच एक फायदा.

त्याच आठवड्यात मी अभयकडे गेले. अभयचं कॉम्प्युटरचं दुकान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो माणूस सरळ आहे, फक्त बोलताना समोरच्याला शाळेत बसवतो.

‘‘वहिनी, तुमच्याकडे दुसरी प्रत आहे का?’’

‘‘आहे ना. राकेशने एक हार्ड डिस्क आणली आहे. कपाटात ठेवतो.’’

‘‘कपाट कुठं आहे?’’

‘‘लॅबमध्येच.’’

‘‘मग ती दुसरी प्रत नाही. वीज काय विचारून पडणार आहे का, पहिलीवर पडू की दुसरीवर पडू म्हणून? प्रत दुसऱ्या छपराखाली पाहिजे. दुसऱ्या गावात असेल तर उत्तम.’’

मग त्याने मला पर्याय सांगितले. एक म्हणजे दर शनिवारी डिस्क घेऊन वाडीतल्या घरी ठेवायची. स्वस्त, पण आठवण ठेवायची आपण, आणि आठवण कोण ठेवणार? दुसरा म्हणजे इंटरनेटवरून एका कंपनीकडे रोज आपोआप प्रत पाठवायची. महिन्याला साडेतीनशे रुपये. ‘‘इथूनच कुलूप लावून माल जातो, वहिनी. किल्ली फक्त तुमच्याकडे. कंपनीलासुद्धा आत काय आहे ते दिसत नाही.’’

आणि इथे मी ते वाक्य बोलले. म्हटलं, ‘‘पण अभय, ही कंपनी कोण, कुठली? माझ्या पेशंटचे कागद असे परक्याकडे कसे देऊ? आपलीच माणसं असती तर गोष्ट वेगळी.’’

अभय म्हणाला, ‘‘कुलूप लावलं की आपलं काय आणि परकं काय,’’ आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला ते तेव्हा उद्धट वाटलं होतं.

घरी राकेशने लगेच हिशोब मांडला. वर्षाचे चार हजार दोनशे, आणि तेही जे कधी लागेल की नाही माहीत नाही त्याच्यासाठी. तो म्हणाला, बघतो काहीतरी. पंधरा दिवसांनी चहा पिताना म्हणाला, ‘‘तुझ्या त्या प्रतीची सोय केली. रोज लॅब बंद करताना आपोआप जाते. एक पैसा खर्च नाही.’’

मी विचारायला हवं होतं, सोय केली म्हणजे कुठे केली. नाही विचारलं. फुकट ते पौष्टिक, एवढं ऐकून माझंही तोंड बंद झालं. रिकामा कप उचलला आणि कामाला लागले.

सहा महिने असेच गेले. मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला दहा दिवस असताना, गुरुवारी भर बाजाराच्या वेळी यमुनाकाकी लॅबमध्ये आली.

यमुनाकाकी राकेशची सख्खी काकी नव्हे, वाडीतली. अठ्ठावन्न वर्षांची, काटक, कमी बोलणारी. पौर्णिमेला विहारात जी खीर होते ती गेली अठरा वर्षं तीच करते. तांदळाची, गुळाची, नारळाच्या रसातली. मुंबईची माणसं त्या दिवशी वाडीत येतात ती वंदनेला येतात असं सगळे म्हणतात, पण वंदना चालू असताना अर्ध्यांचं लक्ष विहाराच्या मागच्या चुलीकडे असतं. तिच्या सासूनंतर ते भांडं तिच्याकडे आलं. नवरा गेला, मुलगा पनवेलला गेला, मुलीचं लग्न झालं, पण वाडीत यमुनाकाकी म्हणजे कोण हे कोणाला सांगावं लागलं नाही. खिरीवाली यमुना. तिच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती आणि ती तिला पुरत होती.

त्या दिवशी ती बाकड्यावर बसली नाही. टेबलासमोर उभी राहिली आणि पेशंट बाहेर जाईपर्यंत थांबली.

‘‘दर्शना, माजा कागद तू कोणाला दाखवलंस?’’

मला कळेना. ‘‘कुठला कागद, काकी?’’

‘‘थुंकीचा.’’

दोन वर्षांपूर्वी काकी खोकत आली होती. थुंकी मीच तपासली. टीबी निघाला. तेव्हा तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ती एवढंच म्हणाली होती, ‘‘कोणाला बोलू नको गो.’’ मी राकेशलासुद्धा बोलले नाही. सहा महिने तिने सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या एक दिवस न चुकवता घेतल्या. त्या वर्षीची पौर्णिमा त्यातच आली. तेव्हा पाय मुरगळल्याचं सांगून ती चुलीपासून लांब बसली आणि बायकांना बसल्या जागेवरून गूळ किती, पाणी किती ते सांगत राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. शेवटची थुंकी साफ आली त्या दिवशी ती माझ्या टेबलावर दोन नारळ ठेवून गेली. आजार गेला, विषय संपला. असं मी समजत होते.

‘‘मी कोणाला दाखवला नाही, काकी. शपथ.’’

‘‘मग मुंबईवाल्यांकडं कसा गेला?’’

तिने सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी गंगारामतात्या तिच्या ओटीवर आले. गंगारामतात्या म्हणजे वाडीचे अध्यक्ष, मुंबईत एका कचेरीत क्लार्क होते, निवृत्त होऊन गावी आले. पाणीसुद्धा न घेता उभ्याउभ्या म्हणाले, यमुने, यंदा तू दमू नकोस, खिरीला देवरूखचा केटरर सांगितला आहे. काकी म्हणाली, मी कुठं दमलंय? तात्या म्हणाले, नाही, आता वय झालं. सकाळी ती पाण्याला गेली तर तिच्या कळशीच्या मागे कळशी लावायला कोणी पुढे येईना. शेवटी सखूने, म्हणजे तात्यांच्या बायकोने, तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की मुंबईला दीपकच्या फोनवर तुझा टीबीचा कागद आलाय, त्याने तात्यांना पाठवला, आता सगळ्यांना माहीत आहे, पण तू मनाला लावून घेऊ नको, आपलीच माणसं आहेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकीसमोरच मी राकेशला फोन लावला. म्हटलं, लॅबच्या प्रतीची सोय तू कुठे केली आहेस?

तो म्हणाला, ‘‘मंडळाच्या ड्राइव्हवर. का गं?’’

आमच्या मंडळाच्या दोन शाखा, एक गावची, एक मुंबईची. पूर्वी दोघांमध्ये पत्रं जायची, आता इंटरनेटवर जागा घेतली आहे. मंडळाने विहाराच्या वर्धापनदिनाच्या व्हिडिओसाठी वर्गणीतून ती जागा घेतली, ती बरीचशी रिकामीच पडून होती. राकेश गाव शाखेचा सचिव. त्याने आमची सगळी लॅब उचलून तिथे नेऊन ठेवली, विहाराच्या व्हिडिओंच्या आणि वर्गणीच्या याद्यांच्या शेजारी. दोन्ही शाखांचे मिळून बेचाळीस सभासद, आणि बेचाळीसही जणांना ती जागा उघडता येते. दीपक, तात्यांचा पुतण्या, देणगीच्या याद्या बघतो. पौर्णिमेच्या पत्रिकेत कोणी कोणती भांडी दिली ते छापायचं होतं म्हणून त्याने इंग्रजीत ‘यमुना’ असं शोधलं. तर भांड्यांच्या यादीच्या आधी काकीची थुंकी वर आली.

राकेश संध्याकाळी घरी आला तेव्हा आमचं जे झालं ते शेजाऱ्यांनी ऐकलंच आहे, म्हणून लपवत नाही.

‘‘अगं, मला काय माहीत कोण उघडून बघेल? कोण बघायला बसलंय?’’

‘‘दीपक बसला होता.’’

‘‘चुकून दिसलं त्याला.’’

‘‘दिसलं चुकून. तात्यांना पाठवलं तेही चुकून? तात्यांनी पुढे सांगितलं तेही चुकून? एवढ्या चुका एकाच रांगेत कशा लागल्या?’’

‘‘दर्शना, परक्याकडे नको असं तूच म्हणाली होतीस. मी आपल्या माणसांत ठेवलं.’’

तो खरं बोलत होता, आणि त्यामुळे मी आणखी चिडले. परक्याला माझ्या काकीच्या थुंकीशी काय देणंघेणं? दिल्लीतल्या किंवा कुठल्या तरी देशातल्या माणसाने तिचं नाव वाचलं असतं तर पुढचं पान उलटलं असतं. नाव वाचून जीभ चाळवते ती ओळखीच्या माणसाची. कुंपणच शेत खातं म्हणतात, आणि आम्ही चार हजार दोनशे वाचवून शेत उचलून कुंपणात घातलं होतं.

बसल्या जागेवरूनच मी त्याला ते सगळं काढून टाकायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राकेशला घेऊन अभयच्या दुकानात गेले आणि कुलपाची सोय घेतली. अभयने किल्लीचा शब्द टाकायला सांगितला, विसरलात तर मीसुद्धा उघडू शकणार नाही म्हणाला. मी तो राकेशला पाठमोरं बसवून टाकला. राकेशचा चेहरा उतरला. उतरू दे.

पण काढून टाकलेला कागद दीपकच्या फोनमधून कोण काढणार होतं? आणि सखूच्या डोक्यातून?

मला एकच उपाय सुचला आणि तो मला फार हुशारीचा वाटला. काकीचे सगळे रिपोर्ट माझ्याकडे होतेच. शेवटचा, साफ आलेला, मी छापून घेतला, सही-शिक्का मारला आणि शनिवारी दुपारची एसटी धरून वाडीत गेले. रविवारी विहारात पौर्णिमेच्या तयारीची सभा होती. तिथे हा कागद बेचाळीस जणांच्या तोंडावर मारायचा आणि विचारायचं, आता बोला.

काकी ओटीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर कागद ठेवला आणि बेत सांगितला. तिने कागद उचलला नाही. हात कोरडे असूनही पदराला पुसले.

‘‘पयला कागद कोणी बगायला नको होता, म्हणून आता दुसरा दाखवायचा?’’

‘‘पण काकी, यात साफ आलंय. म्हणजे तुम्हाला काही नाही हे त्यांना कळेल.’’

‘‘त्यांना कशाला कळायला पायजे?’’

‘‘नाहीतर खीर तुमच्या हातून जाईल.’’

तिने सुपातला तांदूळ इकडून तिकडे केला. मग म्हणाली, ‘‘माजी थुंकी हाय ती, दर्शना. वाडीची नाय. तुला दिली होती, तुज्यापाशी ठेव. त्या सभेत तू माजा एकपण कागद काढायचा नाय. चांगला नाय नि वाईट पण नाय. बोल, काढशील?’’

‘‘नाही काढणार,’’ मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी आणखी रागावते. कागदाची घडी घालून पिशवीत टाकली आणि चहा न घेताच उठले.

रविवारची सभा दहाला होती, साडेअकराला सुरू झाली. विहारात चाळीसेक माणसं. मुंबई शाखा फोनवर हजर होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून स्टुलावर ठेवला होता, त्यात सहा-सात चेहरे, दीपकचा त्यातच एक. त्रिशरण पंचशील झालं. काकी बायकांमध्ये मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी होती. विहारात दाटी असताना.

तात्यांनी विषय काढला तो असा की ऐकणाऱ्याला वाटावं हे काकीचा सत्कारच करताहेत. ‘‘यमुनाबाईंनी अठरा वर्षं सेवा केली. मंडळ त्यांचं ऋणी आहे. परंतु काही माहिती मंडळाच्या निदर्शनास आलेली आहे. त्यात मी जात नाही. आमचं कोणाशी वैर नाही. लहान मुलं खीर खातात, सर्वांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. यमुनाबाईंनी निर्दोष असल्याचा रिपोर्ट आणून सभेपुढे ठेवावा, भांडं आजही त्यांचंच आहे. दर्शना आपल्यातलीच आहे, तिची लॅब आहे. एका कागदाचं तर काम.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. किती समजूतदार बोलले तात्या. फोनमधून कोणीतरी म्हणालं, ‘‘बरोबर आहे, आपलीच माणसं आहेत, लपवायचं काय?’’

तो कागद माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. हात घातला असता तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. मी मागे वळून काकीकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली. एकदाच, डावीकडून उजवीकडे.

मी उभी राहिले. बोलायचं काय हे ठरलेलं नव्हतं, पण राग ठरवून कधी येतो?

‘‘पहिली गोष्ट, टीबी खिरीतून होत नाही. हे इथल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलंय. दुसरी गोष्ट, यमुनाकाकींबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. त्या माझ्या पेशंट आहेत. आता तिसरी. तात्या, ती माहिती मंडळाच्या निदर्शनास कशी आली ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी सांगते. आमच्या लॅबच्या रिपोर्टांची प्रत आम्ही मंडळाच्या ड्राइव्हवर ठेवली होती. फुकट म्हणून. चूक माझी आणि राकेशची. त्याबद्दल मी इथे सगळ्यांची माफी मागते.’’

‘‘ठीक आहे, ठीक आहे,’’ तात्या म्हणाले. ‘‘माफी कसली, आपलीच...’’

‘‘सगळ्यांची मागते असं म्हटलं, तात्या. एकट्या यमुनाकाकींची नाही. नऊ वर्षांत या वाडीतलं कोण माझ्याकडे तपासायला आलं नाही? नोव्हेंबरपासून परवाच्या गुरुवारपर्यंत तुमचे सगळ्यांचे रिपोर्ट तिथे उघडे पडले होते. दीपकने यमुना शोधलं म्हणून यमुना सापडली. दुसरं नाव टाकलं असतं तर दुसरं सापडलं असतं.’’

मग कोणीतरी खिशातून मोबाइल काढला. मग दुसऱ्याने काढला. बायकांमध्ये एकीने दुसरीच्या कानाला तोंड लावलं आणि दोघींनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतला एक तरुण, गेल्या वर्षीच लग्न झालेला, खाली बघून चटईची काडी उपसत बसला. मला सगळ्यांचं माहीत होतं. कोणाचं काय, कोणत्या महिन्यात, कोणाला न सांगता. माझ्या जिभेवर त्या क्षणी सहा नावं होती, आणि सगळ्यांत पुढे तात्यांचं. मी दात दाबून धरले.

तात्या उठून उभे राहिले. त्यांचा आवाज इतका चढला की तांब्याला टेकवलेला फोन घसरून आडवा झाला.

‘‘म्हणजे माझा पण? हे म्हणजे अतीच झालं. माणसाच्या काही खासगी गोष्टी असतात. तुम्हाला अधिकार कोणी दिला? दीपक, तू काय काय उघडून बघितलंस? बोल.’’

आडव्या फोनमधून दीपकचा अर्धा चेहरा म्हणाला, ‘‘नाय काका, मी फक्त तो एकच,’’ आणि नाहीसा झाला. नेटवर्क गेलं म्हणे.

‘‘तुम्ही बोलताय ते अगदी बरोबर आहे, तात्या,’’ मी म्हटलं. ‘‘खासगीच असतं. परवा काकींच्या ओटीवर जाताना हे आठवलं असतं तर बरं झालं असतं. आता रिपोर्टच आणायचा तर चुलीजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने आणायचा, केटररनेसुद्धा, आणि वाढणाऱ्यांनीसुद्धा. उद्या सकाळी सातला लॅब उघडते. पैसे घेणार नाही. पण निकाल इथे भिंतीवर लावणार. पहिलं नाव कोणाचं लिहू?’’

कोणी नाव दिलं नाही. मग वाडीतले जे दोघं-तिघं नेहमी मिटवामिटवी करतात ते बोलायला लागले. जाऊ दे, विषय वाढवू नये, झाली गोष्ट ती झाली. केटररला फोन करून नको म्हणून सांगू. तात्या खाली बसले, कपाळ पुसलं आणि सभेकडे न बघता म्हणाले, ‘‘ठीक आहे. खीर यमुनाबाईच करतील. दरवर्षीप्रमाणे. लिहून घे राकेश.’’

राकेशने वहीत लिहिलं. मी खाली बसले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागून काकी म्हणाली, ‘‘नको.’’

सगळ्यांच्या माना वळल्या. अठरा वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली.

‘‘चुलीत ओला लाकूड असतो. धूर होतो. धुरानं कोणाला पण ठसका लागतो, मला पण लागंल. मी खोकले की तुमी सगळी माज्याकडं बगणार. बोलणार नाय कोण, पण बगणार. पातेल्याकडं बगणार. मग आपापल्या पोरांच्या वाटीकडं बगणार. तशी खीर मला नाय ढवळायची. केटररला सांगितलाय, तोच येऊ दे.’’

‘‘अगं यमुने, आता ठरलंय ना,’’ सखू म्हणाली.

‘‘तुमचं ठरलं,’’ काकी म्हणाली, आणि पदर सावरून उठली. तिच्या वाटेतल्या बायका पाय आखडून घेत होत्या, आणि आज त्या कशासाठी आखडताहेत हे त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

मी तिच्यामागे बाहेर आले. कातळावरून पाय भाजत होते, चपला विहाराच्या दारात राहिल्या होत्या. तिच्या बरोबरीने चालत मी बोलतच होते. काकी, मी सगळी व्यवस्था बदलली आहे, आता कुलूप आहे, शब्द फक्त मला माहीत आहे, राकेशलासुद्धा नाही. अभय म्हणतो, कंपनीलासुद्धा काही दिसत नाही. पुन्हा असं होणार नाही. तात्यांना मी सोडणार नाही. दीपकला तर मुंबईत जाऊन गाठते.

काकीने मला बोलू दिलं. घर आल्यावर ओटीची पायरी चढली आणि वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी कसं बोलायचं ते मला येतं.

‘‘दर्शना, डॉक्टर बोललेत वर्षातून एकदा तपासत जा. जूनमधी हाय.’’

‘‘या ना, काकी. मी स्वतः बघते. कधीही या.’’

‘‘रत्नागिरीला लॅब हायत ना? एसटी जाते. थंय मला कोण वळकत नाय.’’

तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने पिठाच्या डब्याखालचं जुनं कॅलेंडर काढून त्याची मागची कोरी बाजू माझ्यासमोर धरली. रत्नागिरीतली कुठली लॅब चांगली, स्टँडवरून कसं जायचं, किती वाजता उघडते, ते मीच तिला मोठ्या अक्षरात लिहून दिलं.